भूमिकाप्रधान खेळांची जगे : विस्तार किती, वाटा किती

रोल-प्लेइंग गेम म्हणजेच भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम या प्रकारात खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका स्वीकारून कल्पित प्रदेशात वावरतो. त्या प्रदेशाचा विस्तार किती आणि त्यात मनाप्रमाणे कितपत हिंडता येते, हे दोन प्रश्न नेहमी जोडीने विचारले जातात. वस्तुतः ते दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि पुष्कळदा एकाचे उत्तर दुसऱ्याच्या मुळावर येते.

विस्ताराच्या बाबतीत १९९६ साली बेथेस्डा या अमेरिकी कंपनीने आणलेल्या ‘डॅगरफॉल’चे उदाहरण सर्वप्रथम दिले जाते. ‘द एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतील या दुसऱ्या खेळाचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ६१ हजार चौरस किलोमीटर मानले जाते. हे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक आहे. नंदुरबारसारखे सत्तावीस जिल्हे त्यात मावतील. गावे, नगरे, मठ आणि भुयारे मिळून पंधरा हजारांहून अधिक ठिकाणे त्यात आहेत. अर्थात ती कोणा चित्रकाराने एकेक करून रेखाटलेली नाहीत. ठरावीक घटकांची निरनिराळी जुळणी करून संगणकाने ती निर्माण केली आहेत. परिणामी दहावे गाव पाहताना पहिल्याची आठवण येते आणि शंभराव्या गावी कोणी जातच नाही. दोन गावांमधले ओसाड अंतर पायी तुडवण्याऐवजी बहुतेक खेळाडू नकाशावर बोट ठेवून थेट मुक्कामी पोहोचत. एवढे अफाट जग, पण त्याचा फार मोठा भाग कोणाच्याही नजरेस पडलेला नाही.

याच कंपनीने २००२ च्या ‘मोरोविंड’मध्ये उलट मार्ग धरला. जग पंचवीस चौरस किलोमीटरहूनही लहान, परंतु प्रत्येक टेकडी, झोपडी आणि थडगे हाताने रचलेले. पुढे ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) सुमारे ४१ आणि ‘स्कायरिम’ (२०११) सुमारे ३७ चौरस किलोमीटरचे झाले. ३७ चौरस किलोमीटर म्हणजे सहा किलोमीटर बाजूचा चौरस. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा हे तीर्थक्षेत्र मध्यभागी धरले, तर नदीच्या दोन्ही काठांवरचा आसपासचा शिवार तेवढा या चौकटीत बसेल. तालुक्याचे ठिकाण असलेले शहादासुद्धा बाहेरच राहील. तरीही ‘स्कायरिम’ खेळणाऱ्यास आपण बर्फाच्छादित पर्वत, जंगले आणि समुद्रकिनारा असलेला एक अख्खा देश पालथा घातल्याचा भास होतो.

हा भास कसा साधतो? एक युक्ती घड्याळाची आहे. ‘स्कायरिम’मधील काळ मूळच्या रचनेत वीसपट वेगाने धावतो. खोलीतल्या घड्याळाची ७२ मिनिटे म्हणजे खेळातला एक पूर्ण दिवस. सकाळी निघालेला प्रवासी पुढच्या गावी पोहोचेपर्यंत सूर्य माथ्यावर आलेला असतो आणि मन अंतराचा हिशेब सूर्यावरून करते. दुसरी युक्ती डोंगरांची. सरळ रेषेत हाकेच्या अंतरावर असलेली दोन ठिकाणे मध्ये कडा उभा केला की वळसा घालून गाठावी लागतात. सपाट माळावर हेच जग केविलवाणे दिसले असते.

अंतर आणि आकर्षणस्थळे यांचे प्रमाण ठरवणे हे या कलेतील सर्वांत नाजूक काम होय. काटेकोर अर्थाने भूमिकाप्रधान नसलेल्या, पण मुक्त भटकंतीसाठी वाखाणल्या गेलेल्या ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) या जपानी खेळाचे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी क्योतो या आपल्या परिचित शहराचा नकाशा खेळाच्या भूमीवर ठेवून पाहिला होता. इथून तिथे चालत जायला किती वेळ लागतो, वाटेत काय काय लागते, हे त्यांच्या पायांना ठाऊक होते. प्रत्येकाच्या पायांत असे एखादे गाव असतेच. प्रकाशातील माणसाला केदारेश्वराच्या मंदिरापासून नदीपर्यंतचे अंतर सांगण्यासाठी मोजपट्टी लागत नाही.

याच परिसरातून जाणारी एक फार जुनी पदयात्रा हिंडण्याच्या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकते. नर्मदा परिक्रमेचे नियम थोडेच आहेत. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि तिचे पात्र ओलांडायचे नाही. एवढ्या दोन नियमांनी हजारो किलोमीटरचा मार्ग सिद्ध होतो. पूर्वी दक्षिण तटाने जाणारे परिक्रमावासी शूलपाणीच्या झाडीतून जात. सरदार सरोवराच्या जलाशयाने तो जुना किनारमार्ग गिळला; महाराष्ट्रातील ३३ गावे या प्रकल्पाने बाधित झाली. आता अनेक परिक्रमावासी शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असा दूरचा वळसा घेतात. पुढची वाट कोणती, रात्रीचा निवारा कुठे, हे गावोगावी विचारतच कळते. वाहनाने परिक्रमा करणारेही आहेत. त्यांचीही परिक्रमा पूर्ण होते, मात्र पायी चालणाऱ्याला भेटलेली माणसे त्यांना भेटत नाहीत.

खेळांच्या जगात नेमका हाच वाद वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. ‘मोरोविंड’मध्ये वाट शब्दांत सांगितली जाई : पूल ओलांडा, दुभंगलेल्या खडकापाशी डावीकडे वळा. सांगणाऱ्याचे चुकले तर ऐकणाराही चुके. लांबच्या प्रवासाला सिल्ट स्ट्रायडर नावाचा महाकाय किड्यासारखा प्राणी होता. पण तो एस. टी.प्रमाणे ठरावीक थांब्यांवरच मिळे आणि ठरावीक मार्गांनीच जाई. ‘ऑब्लिव्हियन’ने होकायंत्रावर खूण दाखवण्यास सुरुवात केली आणि मोठ्या शहरांत नकाशावरून थेट पोहोचण्याची सोय आरंभापासूनच दिली. सोय झाली हे खरे. तथापि खेळणाऱ्याची दृष्टी रानावरून उठून त्या खुणेवर खिळली, ही तक्रारही तेव्हापासूनचीच आहे आणि ती निराधार नाही. अलीकडे ‘स्टारफील्ड’ने (२०२३) हजाराहून अधिक ग्रह देऊ केले. तेथील रिकामपणावर झालेली टीका ‘डॅगरफॉल’वरील जुन्या आक्षेपाहून फारशी निराळी नव्हती.

खऱ्या भूभागाचे खेळात रूपांतर करण्याचा सर्वांत लक्षणीय प्रयत्न चेक प्रजासत्ताकात झाला. प्राग येथील वॉरहॉर्स स्टुडिओच्या ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ (२०१८) या खेळात १४०३ सालच्या बोहेमियातील अवघे १६ चौरस किलोमीटर आहेत. त्यात राक्षस नाहीत, जादू नाही. सासावचा मठ, रातायेचे गाव, स्कालित्सेची वस्ती ही आजही नकाशावर असलेली ठिकाणे इतिहासतज्ज्ञांच्या मदतीने पुन्हा उभी केली आहेत. एखाद्या देशाच्या राजधानीऐवजी खेडेगावांचा पट्टा निवडण्याचा हा निर्णय धाडसाचा होता. त्यासाठी २०१४ मध्ये लोकवर्गणीतून ११ लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली.

महाराष्ट्रात या जातीचा मोठा खेळ अद्याप झालेला नाही. जवळचे उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचे. त्यांचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. राजस्थानी वास्तुकला, पहाडी शैलीची चित्रे आणि पुराणकथा यांवर बेतलेला हा साहसी खेळ देखणा आहे. पण त्यातील वाट एकच असून ती आखून दिलेली आहे. २०१७ मध्ये त्यांच्या लोकवर्गणीच्या मोहिमेला अपेक्षित रक्कम मिळाली नव्हती. मुक्त जगात खेळाडू कोणत्याही दाराशी जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक दारामागे काही तरी रचावे लागते आणि त्याला माणसे व वर्षे लागतात. लहान चमूने एकच वाट निवडून ती नीट सजवावी, यात शहाणपण आहे.

सामग्रीची मात्र वाण नाही. प्रकाशाचेच पाहावे. बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये येथील पांढरीच्या टेकाडावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण काळापासून पुढच्या चार कालखंडांचे थर एकावर एक आढळले. खानदेशचे गॅझेटियर १८८० चे आहे. दोन नद्या, घाट, शिवमंदिरे, बारा वर्षांनी येणारी सिंहस्थ पर्वणी, उत्तरेस सातपुडा आणि अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरची वर्दळ, हे सारे सहा किलोमीटरच्या त्या चौकटीत किंवा तिच्या कडेवर सापडते.