फॅशनचित्र आणि कापसाचे भांडवल

१२ फेब्रुवारी १९४७ रोजी ख्रिश्चन दिओर याने पॅरिस येथे आपला पहिला वस्त्रसंग्रह सादर केला. आवळलेली कंबर व घेरदार घागरा ही त्याने रूढ केलेली आकृती रेने ग्रुओसारख्या चित्रकारांनी मोजक्या रेषांत उतरविली. अशा चित्रांत वस्त्राचा डौल दिसतो. त्यामागील अर्थव्यवहार दिसत नाही. या संग्रहातील प्रसिद्ध ‘बार’ पोशाखाचे जाकीट रेशमी व घागरा लोकरीचा होता. परंतु दिओरला भांडवल पुरविणारा मार्सेल बुसाक हा सुती कापडाचा मोठा कारखानदार होता. कापूस चित्रात नाही. तो चित्राच्या पाठीशी आहे.

वऱ्हाडच्या अभ्यासकाला हा भेद उद्बोधक वाटेल. आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथे १८८६ साली देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला. तरीही कापूस पिकविणाऱ्या या देशात १९४३ साली सुती कापडावर सरकारी नियंत्रण आले. दिओरचा घेर विपुलतेची ग्वाही देत होता, तेव्हा इकडे कापडाची टंचाई होती. म्हणून फॅशनचित्र हे इतिहासाचे साधन मानावयाचे, तर रेषेबरोबर तिच्यामागील हिशेबही वाचला पाहिजे.