अर्धापुरी केळीचें कूळ

युरोपांत सफरचंदाच्या जुन्या जाती कलमांनीं टिकल्या. नांदेडजवळची अर्धापुरी केळी मुनव्यांनीं टिकली. तिच्या फळांत रुजणारें बीं नसतें. मुनवा काढून कोणी पुन्हां लावला नाहीं, तर वंश तेथेंच खुंटतो. ही जात कॅव्हेंडिश कुळांतली. हें आडनांव डेव्हनशायरच्या ड्यूकांचें. त्यांचा माळी जोसेफ पॅक्स्टन यानें काचगृहांत १८३५ सालीं मॉरिशसहून आलेली केळी फुलविली. आपल्याकडे केळी त्याच्या कितीतरी आधींची, पण नांव चिकटलें तें ड्यूकाचें!

मुरंबा हा शब्द आपण अरबी-फारशींतून घेतला, आणि साखरेच्या पाकांत आंबा वर्षभर राखला. केळें मात्र या उपायास सहज वश होत नाहीं. पेरूंत पेक्टिन भरपूर, म्हणून त्याच्या रसाची जेली सुरेख थिजते. केळ्यांत आंबटपणा अपुरा, त्यामुळें लिंबू पिळून गर आटवावा तेव्हां जॅम जमतो, आणि तोही काळवंडतो. अर्धापुरी बरणींत राखतां येईल, ही आशा आम्ही धरीत नाहीं.

१९९० नंतर प्रयोगशाळेंत वाढविलेलीं ग्रँड नैनचीं रोपें महाराष्ट्रांत पसरलीं. घड मोठे, आणि बाग एकाच सुमारास कापणीस येते. तीं लावणाऱ्या शेतकऱ्यास आम्ही दोष देणार नाहीं. ग्रँड नैन हीही कॅव्हेंडिशच. दोघींतला भेद गिऱ्हाइकास सहसा कळत नाहीं. अर्धापुरी बाजारांतून गेली, तर तेंही त्याच्या ध्यानांत येणार नाहीं.