सहजीवन
सहजीवन : भिन्न जातींच्या जीवांचा उभयतांस लाभदायक असा निकट संबंध. एका प्रदेशातील एकाच जातीच्या समस्त व्यक्तींची मिळून ‘समष्टी’ होते आणि अशा अनेक समष्टींचा ‘समुदाय’. सहजीवन हा समुदायातील व्यवहार होय. उंबराइतके त्याचे मनोज्ञ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. ज्यास आपण उंबराचे फळ म्हणतो तो वस्तुतः आत मिटलेला पुष्पसमूह असून, गांधीलमाशीच्या वर्गातील एका सूक्ष्म कीटकाची मादी, दुसऱ्या उंबरातील पराग अंगावर घेऊन, मुखाशी असलेल्या चिंचोळ्या छिद्रातून, बहुधा पंख गमावूनच, आत शिरते, काही फुलांत अंडी घालते, उरलेल्यांचे परागण करते आणि तेथेच मरते. पुढे तिच्या संततीतील पंखहीन नर प्रथम बाहेर येतात, माद्यांशी संग करून भिंतीला भोक पाडतात, आणि त्या वाटेने परागभारित माद्या नव्या उंबराच्या शोधार्थ निघतात. वृक्षाला बीज मिळते, कीटकाला आश्रय. एकावाचून दुसऱ्याचा वंश चालत नाही. मात्र याच मुलखात परोपजीवीही दाखल होतात : काही कीटक लांब अंडनलिका बाहेरूनच खुपसून अंडी घालतात व परागणाचा मोबदला मुळीच देत नाहीत. मुंग्या या साऱ्यांचे भक्षण करतात, तो संबंध भक्ष्य-भक्षकाचा. जिज्ञासू वाचकाने पिकण्याच्या बेतात आलेले एखादे उंबर फोडून भिंगाखाली अवश्य पाहावे. — संपादक