आंबोलीला जाताना जेवण कुठे करावे?

हळर्णहून आंबोलीला जायचे तर बांद्यामार्गे सावंतवाडी, पुढे दाणोली आणि मग घाट. धबधब्यापाशी टपऱ्यांवर चहा, कांदाभजी, भाजलेले कणीस मिळते. पण मुलांचे नि वयस्करांचे त्यावर भागत नाही. म्हणून आम्ही सावंतवाडीतच जेवून घेतो. मासळीसाठी भालेकर खानावळ, शाकाहारी पानासाठी साधले मेस. धबधबा भरात असतो तेव्हाच, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याला लागूनच श्रावण. त्यामुळे पावसाळी सहलीत आमची पावले बहुधा साधल्यांकडेच वळतात. फार उशीर करू नये. सोलकढी मात्र बेताने प्यावी, घाटात वळणे बरीच आहेत! परतीला दाट धुके असते, तेव्हा रात्रीचे जेवण घरीच.