खोटा दिवा, खरा कोळसा

२००६ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. डोंबिवलीत भारनियमन चालू होते आणि वीज जाण्याची वेळ आम्हाला जेवणाच्या वेळेइतकी पाठ झाली होती. माझा दहा वर्षांचा मुलगा संगणकावर घर बांधण्याचा एक खेळ खेळत असे. वीज गेली की यूपीएस ओरडू लागे. मग बॅटरीवर जी दहा मिनिटे मिळत, तेवढ्यात त्याला खेळ आवरावा लागे. एका संध्याकाळी पाहतो, तर हा पडद्यावरच्या घरातले दिवे एकेक करून मालवीत बसलेला.

"हे काय रे?" मी विचारले.

"वीज वाचवतोय, बाबा. दिवे बंद केले की बॅटरी जास्त पुरेल ना?"

मी मोठ्याने हसलो. "अरे, ते खोटे दिवे! त्यांना कसली आली आहे वीज?"

मुलगा ओशाळला. माझे वडील मात्र हसले नाहीत. अण्णांची सारी नोकरी ठाकुर्लीच्या पॉवरहाऊसमध्ये झालेली. ते एवढेच म्हणाले, "दिसतोय ना दिवा? मग कुठेतरी कोळसा जळतोच आहे."

या बोलण्यामागे आमच्या भागाचा इतिहास होता. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १८५३ साली धावली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. त्या काळी कोळसा इंजिनातच जळे. धूर आणि ठिणग्या प्रवाशाच्या डोळ्यांसमोर. मग ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई ते कुर्ला विजेची पहिली गाडी सुटली. विजेचे रूळ पुढे घाटाकडे न्यायचे, तर वीज हवी, म्हणून जी. आय. पी. रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळे येथे कोळशावर चालणारे स्वतःचे वीजगृह उभारले. ते १९२९ साली सुरू झाले. गाडीचा धूर गेला म्हणून प्रवाशांना हायसे वाटले. परंतु धूर गेला नव्हता. तो इंजिनाच्या धुराड्यातून चोळ्याच्या धुराड्यात आला होता. आमच्या दोरीवरच्या धुतल्या कपड्यांना ते पक्के ठाऊक होते.

मुलाच्या दिव्यांकडे मी पुन्हा वळलो, तो पुष्कळ वर्षांनी. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी रंगविलेली, हातात समई घेतलेली स्त्री म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. नुसत्या जलरंगातला तो उजेड पाहून मागे दिवा लावला असावा असे वाटते. त्या समईला तेल लागत नाही. तिचा खर्च चित्रकाराने एकदाच, आपल्या श्रमांनी भागवला. मी मुलाच्या दिव्यांना या समईच्या पंक्तीत बसवले, हीच माझी चूक. खेळातले चित्र काढून ठेवलेले नसते. ते सेकंदाला तीस, साठ वेळा नव्याने काढावे लागते.

हे आरंभापासूनच असे आहे. १९५८ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत हिगिनबॉथम यांनी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिस मांडला. त्यातला चेंडू म्हणजे एक उजळ ठिपका. काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत लेपावर आदळे आणि लेप उजळे. उजेड अधिक हवा, तर झोत प्रबळ हवा. आमच्या घरातला जाडजूड पडदा याच जातीचा होता. म्हणजे मुलाने दिवे मालवले तेव्हा वीज खरोखरच थोडी वाचत होती! पुढे आलेल्या एलसीडी पडद्यात मागचा दिवा सहसा सारखाच जळतो आणि अंधारही त्याच्यापुढे आडोसा धरून दाखवावा लागतो. ओलेडमध्ये पुन्हा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, आणि काळा ठिपका विझलेला असतो.

पडद्यापेक्षा मोठा खर्च आकडेमोडीचा. दिव्याचा किरण भिंतीवर पडून कुठे वळेल, पाण्यात कसा दिसेल, हे यंत्र मोजते. २०२२ साली निघालेले आरटीएक्स ४०९० हे चित्रे काढणारे कार्ड एकटेच ४५० वॅटपर्यंत वीज घेते. म्हणजे छताच्या सहा पंख्यांइतकी. खेळातला बल्ब शंभर वॅटचा म्हणून शंभर वॅट जात नाहीत, हे खरे. पण त्याचा उजेड मोजणाऱ्याची मजुरी चुकत नाही.

आता तर ही मोजणी घरात होईलच असे नाही. काही खेळ दूरच्या डेटा सेंटरमध्ये चालतात आणि घरी नुसते चित्र येते. आमच्या ठाणे जिल्ह्यातच ऐरोली-महापे पट्ट्यात अशी केंद्रे उभी आहेत. तिथली यंत्रे थंड ठेवायलाही वीज लागते. घरातला संगणक तापत नाही म्हणून खेळणाऱ्याला हायसे वाटते, जसे १९२९ साली प्रवाशाला वाटले होते.

चोळ्याचे पॉवरहाऊस केव्हाच बंद पडले. अण्णाही राहिले नाहीत. मुलगा अशाच एका केंद्रात यंत्रे थंड ठेवण्याच्या कामावर आहे. गेल्या दिवाळीत कंदील लावताना मी त्याला म्हटले, "त्या दिवशी मी उगाच हसलो रे. तुझे बरोबर होते."

तो कंदिलाची वायर सोडवीत म्हणाला, "अर्धेच बरोबर होते, बाबा. खरे तर मी पडदाच बंद करायला हवा होता."