अंतरीचा काळोख आणि मर्ढेकरांची कविता

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंगल तेवढेच लिहावे, असा संकेत आहे. तरीही आम्ही येथे बाळ सीताराम मर्ढेकर यांच्या कवितेचे स्मरण करीत आहोत. मनुष्यस्वभावातील अमंगळाकडे तिने डोळे उघडे ठेवून पाहिले.

मर्ढेकरांचा जन्म १९०९ साली खानदेशातील फैजपूर येथे झाला. त्यांचा 'शिशिरागम' हा पहिला संग्रह १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील हळवा सूर तत्कालीन रसिकांच्या ओळखीचा होता. पुढे महायुद्ध पेटले. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात लक्षावधी जीव गेले. १९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी ही शहरे अणुबाँबने बेचिराख झाली. १९४७ साली 'काही कविता' आली, तेव्हा तो जुना सूर उरला नव्हता. तीत उंदीर होते, मुंग्या होत्या, यंत्रे होती आणि यंत्रवत् जगणारी माणसे होती. पुष्कळांना ती किळसवाणी व दुर्बोध वाटली. तिच्यावर अश्लीलतेचा खटलाही झाला. त्यातून मर्ढेकर निर्दोष सुटले.

हा काळोख परदेशातून उसना आणलेला, असा आक्षेप घेतला जाई. आम्हांस तो पटत नाही. मर्ढेकरांनी आपली वेदना ओवी-अभंगांच्या घाटात मांडली, हा निव्वळ योगायोग नव्हे. स्वतःच्या मनातील विकारांची झाडाझडती तुकोबांनी जाहीरपणे घेतली होती. मर्ढेकरही इतरांकडे बोट दाखवून स्वतः मोकळे होत नाहीत. आरोपीच्या पिंजऱ्यात ते प्रथम स्वतः उभे राहतात.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणांस हा कवी परका नाही. त्यांची नवी कविता छापणारे 'अभिरुची' मासिक बडोद्याहून निघे. ते स्वतः ऑल इंडिया रेडिओच्या नोकरीत होते, आणि २० मार्च १९५६ रोजी दिल्लीतच, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

सरकारी नोकरीत आमचीही हयात गेली. एका विधवेचा निवृत्तिवेतनाचा अर्ज 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर' एवढा शेरा मारून आम्ही पुढे सरकवला होता. तो अनेक महिन्यांनी, तसाच, पुन्हा आमच्याच मेजावर आला. त्यात राग नव्हता, द्वेष नव्हता. नियमभंग तर नव्हताच. त्या रात्री 'काही कविता' उघडली, तेव्हा यंत्रवत् माणूस कोणाला म्हटले आहे, हे आम्हांस उमगले.

आपल्या कोजागरीला भावगीते होतात, दिवाळीला नाट्यपदे होतात. ती होतच राहोत. परंतु घरापासून दूर असलेल्या माणसाने मायबोलीचा केवळ गोडवाच जपला, तर तिचे अर्धेच धन मुलांच्या हाती पडेल. पुढील पन्नास वर्षांत एखादी संध्याकाळ मंडळाने या कवितेसाठीही राखून ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.