चमचाभर तेलाची हकिगत

दिवाळीत तेल कुठे नसते? अभ्यंगाच्या वाटीत असते, चकलीच्या कढईत असते, पणतीत असते. तेव्हा या अंकात तेलावर चार पाने लिहिली, तर गृहिणी रागावणार नाहीत असा माझा अदमास आहे. मात्र माझे तेल काळे आहे, इंजिनाच्या पोटातले आहे. आणि त्याच्यापायी आमच्या घरात दोन सख्खे भाऊ अठरा वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत.

मी शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. यंत्रशास्त्राशी माझा संबंध सायकलच्या चेनपलीकडे कधी गेला नव्हता. पण घरातले भांडण माणसाला कुठे कुठे नेऊन सोडते पाहा!

मी पाचवीत असतानाची गोष्ट. आमच्या विहिरीवर एक ऑईल इंजिन होते. इंग्लंडातल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास जी संथ, एकसिलिंडरी डिझेल इंजिने काढली, त्यांच्या घडणीवर पुढे आपल्याकडे राजकोटास कितीतरी इंजिने तयार झाली. आमचे त्याच घराण्यातले. मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे. त्याचा ठोका ऐकत आम्ही मुले झोपत असू. त्याच्या पोटात तेलाचा पंप वगैरे थाटमाट नव्हता. कनेक्टिंग रॉडच्या बुडाला एक लहानसा चमचा असे. दर फेऱ्याला तो खालच्या तेलात बुडे नि तेल वर उडवी. त्या शिंतोड्यांवर सारा संसार चाले.

त्या वर्षी विहीर आटली. आबांनी इंजिन बैलगाडीत घालून ओढ्याच्या डोहावर नेले, उतरत्या काठावर ओंडके टाकून त्यावर बसवले आणि कांद्याला पाणी सोडले. रात्रीची पाळी धाकट्या काकांची होती. तेल घालण्याचे काम त्यांचेच. पहाटे इंजिन ओरडू लागले नि एकाएकी थांबले. बिगेंडचे बेअरिंग गळाले होते. दुरुस्तीला पंधरा दिवस लागले. तोवर कांदा वाळून गेला आणि आईच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या. आबा म्हणाले, "तेल घातलं नाहीस." काका म्हणाले, "घातलं होतं." त्यानंतर अठरा वर्षांनी आबा वारले, तोवर दोघांत शब्द नाही. घरात सारे आबांच्याच बाजूने होते. मीही होतो.

आता थोडी तेलाची बखर सांगतो.

बेअरिंगमध्ये तेल नेमके काय करते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणाला धड ठाऊक नव्हते. विलायतेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने बोशँप टॉवर नावाच्या गृहस्थाकडे घर्षणाचे प्रयोग सोपवले. आगगाडीच्या आसासारखा दांडा, त्यावर पितळी बेअरिंग, खाली तेलाचे भांडे, अशी त्याची मांडणी होती. १८८३ च्या अहवालात एक मौजेची घटना आहे. त्याने बेअरिंगला वरून तेल सोडण्यासाठी भोक पाडले, तर भोकातून तेल आत जाण्याऐवजी उलट वर येऊ लागले! त्याने बूच मारले, बूच उडाले. लाकडाची खुंटी ठोकली. तीही तेलाने बाहेर ढकलली. शेवटी दाबमापक लावला, तर दर चौरस इंचाला दोनशे पौंडांच्या वर दाब. आणि बेअरिंगवरचा भार सरासरी शंभरच पौंडांचा. म्हणजे फिरता दांडा स्वतःच तेल ओढून पाचरीसारखे आत कोंबत होता आणि त्या तेलावर तरंगत होता. धातूला धातू लागतच नव्हता. १८८६ मध्ये मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स या प्राध्यापकाने त्याचे गणित मांडले. आजही प्रत्येक मोटारीचा क्रँक या केसाहून पातळ तेलाच्या गादीवर फिरतो. गादी क्षणभर सरकली, की बेअरिंगची मऊ धातू वितळते. आमचा कांदा असाच गेला.

तेल दाबाने पोचवण्याची युक्ती बर्मिंगहॅमच्या बेलिस आणि मॉरकॉम या कारखान्यातल्या आल्बर्ट पेन याने १८९० मध्ये वाफेच्या इंजिनासाठी पेटंट केली. परंतु मोटारवाल्यांना ती घाई नव्हती. हेन्री फोर्डची १९०८ ची मॉडेल टी घ्या. तिला तेलाचा पंपच नव्हता. मागचे फिरते चाक तेल उडवी, एक नळी त्यातले थोडे झेलून पुढे नेई, तिथून ते पन्हळींतून मागे वाहत येई आणि दांड्यांची टोके त्यात बुडत. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या! आमच्या विहिरीवरचा चमचा नि त्या दीड कोटी गाड्या एकाच गोत्राच्या.

एरंडेलाचे नाव काढल्याशिवाय ही बखर पुरी होत नाही, आणि फराळानंतर ते आठवणे योग्यही आहे. १९०९ च्या सुमारास फ्रान्समध्ये नोम नावाचे विमानाचे इंजिन आले. त्यात क्रँक स्थिर आणि सिलिंडरांसकट सारे इंजिन त्याभोवती गरगरे. अशा भोवऱ्यात तेल साठवणार कुठे? एका बाजूने घालायचे, दुसऱ्या बाजूने उडून जायचे. पेट्रोलमध्ये विरघळत नाही म्हणून तेल एरंडाचे. ते वैमानिकाच्या नाकातोंडात जाई आणि पोटाची जी अवस्था होई ती सांगायला नको. त्याच १९०९ साली चार्ल्स वेकफील्डच्या कंपनीने एरंडेल मिसळलेल्या तेलाला 'कॅस्ट्रॉल' हे नाव दिले. एरंडाचे इंग्रजी नाव कॅस्टर. त्याचाच हा संक्षेप.

असो. मुख्य गोष्ट अशी, की जोवर इंजिने संथ होती, तोवर तेल उडणे हा उपकार होता. वेग वाढला नि तोच अपकार झाला. मिनिटाला सहा हजार फेरे, म्हणजे सेकंदाला शंभर. तेव्हा क्रँकचे टोक ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने गरगरते. त्याभोवती तेलाची दोरखंडे लोंबतात आणि क्रँक ती ओढत बसतो. त्यात शक्ती वाया जाते. शिवाय ताक घुसळावे तसा तेलाला फेस येतो. पंपाने फेस ओढला, की तेलासंगे हवा बेअरिंगात शिरते, आणि हवेवर कोणी तरंगत नाही.

दुसरी अडचण वळणाची. घरात पाणी भरलेली परात उचलून एकदम वळा. पाणी एका काठावर चढते. शर्यतीच्या मोटारीत वळणावरचा बाजूचा ओढा गुरुत्वाकर्षणाइतका झाला, की तेलाचा पृष्ठभाग पंचेचाळीस अंशांनी कलतो. चेंबरमध्ये चार लिटर तेल असून पंपाच्या तोंडाशी थेंब नसतो.

यावर मोठ्या घरांनी मोठा उपाय केला : चेंबर कोरडेच ठेवायचे. तेल निराळ्या टाकीत. एक पंप खाली गळलेले तेल तिकडे उपसतो, दुसरा टाकीतून बेअरिंगांना पुरवतो. मर्सिडीजने १९५२ मध्ये ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली त्या गाडीचे इंजिन बॉनेट बुटके राहावे म्हणून आडवे कलते केले होते. त्यातून निघालेल्या १९५४ च्या ३०० एसएल गाडीतही तसेच, आणि कोरडे चेंबर. त्याच १९५४ मध्ये जग्वारने डी-टाइप काढली. तिचेही चेंबर कोरडे. १९५५, ५६ आणि ५७ अशी लागोपाठ तीन वर्षे तिने ल मां मारले. पहिल्या वर्षी त्याच शर्यतीत ऐंशीहून अधिक माणसे मेली, हे मात्र विसरू नये.

आपल्याकडे या पद्धतीचा सर्वांच्या ओळखीचा नमुना म्हणजे १९५५ पासून मद्रासेत जुळू लागलेली बुलेट मोटारसायकल. तिला टाकी बाहेर नव्हती. इंजिनाच्या ओतीवातच तेलाचा कप्पा असे, आणि दोन पंप.

गरिबांचा उपाय पत्र्याचा. क्रँक आणि खालचे तेल यांच्यामध्ये फटी पाडलेला पत्रा घातला, की वरचे तेल खाली गळते, खालचे वर चढत नाही. १९६४ मध्ये डेटोनाच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत रिचर्ड पेटी पहिला आला. पहिल्या तिन्ही गाड्यांत क्रायस्लरचे नवे 'हेमी' इंजिन होते. त्याच्या पोटात असा पत्रा होता. अर्थात विजय काही पत्र्याने मिळाला नाही. पण पत्र्यावाचूनही मिळाला नसता, असे मला आपले वाटते.

हे सारे मला कळले गेल्या वर्षी. माझा एक जुना विद्यार्थी कोल्हापुरात गॅरेज चालवतो. एके दिवशी फोन आला, "गुरुजी, शाळेत मुलांची रंगीत चिकणमाती असते ती थोडी मिळेल का?" मी डबा घेऊन गेलो. इंजिन स्टँडवर उलटे टांगलेले. त्याने क्रँकलगत एक पोलादी पट्टी बसवली होती. तिची कड क्रँकच्या आणि दांड्यांच्या वळणावळणाप्रमाणे कापलेली, जणू रवीला चिकटलेले लोणी निपटणारे बोट. हिला स्क्रेपर म्हणतात. पट्टीच्या कडेला त्याने माझ्या पहिलीच्या वर्गाची हिरवी चिकणमाती थापली आणि हाताने क्रँक सावकाश फिरवला. जिथे माती फार दबली तिथे कानस. अंतर साधारण मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर हवे. त्याहून कमी ठेवले तर तापल्यावर धातू वाढून घासेल, जास्त ठेवले तर पट्टी असून नसल्यासारखी. बोल्ट पुन्हा कसून तो पुन्हा फिरवी, पुन्हा काढी. दुपार अशीच गेली. एवढ्या धडपडीने मिळते काय म्हणाल, तर थोडीशी अश्वशक्ती आणि बरीचशी झोप.

मग त्याने चेंबर घेतले. आत पंपाच्या तोंडाभोवती पत्र्याची चौकट जोडलेली आणि तिला बिजागरीची इवलीशी दारे, आतच उघडणारी. तेल आत येते, परत जाऊ शकत नाही. मला पटावे म्हणून त्याने आधी एका जुन्या, बिनचौकटीच्या चेंबरमध्ये तेल ओतले आणि ते हळूच कलते केले. तेल एका कोपऱ्यात गेले. पंपाच्या जागी कोरडा पत्रा चमकू लागला.

"गुरुजी, तेल आहे ना? पट्टी बुडवून पाहिली तर दिसेलही. पण जिथं पाहिजे तिथं नाही."

मी खाली बसलो. त्याला वाटले उन्हाने भोवळ आली.

दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने गावी गेलो. धाकटे काका ओसरीवर होते. आता पंच्याहत्तरीच्या घरात. मी स्वयंपाकघरातून परात आणली, तिच्यात तांब्याभर पाणी ओतले आणि एका कडेखाली पाट सरकवला. पाणी खालच्या कडेला गेले; वरची बाजू कोरडी. काकांनी बराच वेळ पाहिले. यंत्र त्यांना माझ्याहून चांगले कळते. मला काही सांगावे लागले नाही.

"तेल मी घातलं होतं," ते म्हणाले.

"होय काका."

"ओंडके दादानं लावले होते. मला संध्याकाळीच वाकडे वाटले होते. पण थोरल्या भावाला सांगायचं कसं, म्हणून गप्प बसलो."

त्यांनी पाट काढून घेतला. पाणी परातीत सारखे पसरले. मग त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला आणि सुपारी कातरू लागले.